रेटाट्रुटाइडची सुरक्षितता व दुष्परिणाम

रेटाट्रुटाइड हे लठ्ठपणा, टाइप २ मधुमेह आणि यकृतातील मेदवृद्धी यांवरील उपचारांसाठी विकसित होत असलेले प्रायोगिक औषध आहे. ते एली लिली या अमेरिकी औषधनिर्माण कंपनीने तयार केले असून आठवड्यातून एकदा त्वचेखाली इंजेक्शनद्वारे दिले जाते. वैद्यकीय चाचण्यांमध्ये या औषधाने वजनात मोठी घट दिसून आली. मळमळ, उलट्या, जुलाब, बद्धकोष्ठता, हृदयाचे ठोके वाढणे आणि त्वचेच्या संवेदनांतील बिघाड हे दुष्परिणामही चाचण्यांत नोंदले गेले. २०२५च्या अखेरीस हे औषध चाचणीच्या तिसऱ्या टप्प्यात होते आणि त्याला भारतासह कोणत्याही देशात विक्रीची परवानगी मिळालेली नव्हती.

वजन कमी करणाऱ्या औषधांच्या इतिहासात अनेक औषधे परिणामकारक ठरूनही दीर्घकालीन धोके उघड झाल्यावर बाजारातून काढून घ्यावी लागली आहेत. भारतात १९९८ ते २०११ या काळात फेनफ्लुरामाइन व डेक्सफेनफ्लुरामाइन, रिमोनाबॅन्ट आणि सिब्युट्रामाइन यांवर बंदी घालण्यात आली. त्यामुळे रेटाट्रुटाइडचे मूल्यमापन करताना वजनातील घटीबरोबरच सुरक्षिततेची माहिती किती लोकांवर आणि किती काळ गोळा झाली आहे, हे तपासणे महत्त्वाचे ठरते.

== स्वरूप व कार्य ==

रेटाट्रुटाइड हे ३९ अमिनो आम्लांची साखळी असलेले कृत्रिम पेप्टाइड आहे. साखळीला जोडलेल्या मेदाम्लामुळे ते रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहते. त्याचा अर्धायुकाल सुमारे सहा दिवसांचा असल्याने आठवड्याला एक इंजेक्शन पुरते. मात्र यामुळेच दुष्परिणाम सुरू झाल्यास औषध शरीरातून लगेच बाहेर पडत नाही. शेवटच्या इंजेक्शननंतरही त्याचा अंमल काही आठवडे ओसरत राहतो.

हे औषध एकाच वेळी तीन संप्रेरकांच्या ग्राहींना चालना देते.

* जीएलपी-१ : भूक कमी होते, जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो आणि रक्तातील साखर वाढल्यावर इन्सुलिनचा स्राव वाढतो.
* जीआयपी : इन्सुलिनच्या स्रावास मदत होते. मेदपेशींच्या कार्यावरही त्याचा परिणाम होतो.
* ग्लुकागॉन : शरीराचा ऊर्जाव्यय वाढतो आणि यकृतातील मेदाचे ज्वलन होते.

सेमाग्लुटाइड केवळ जीएलपी-१ ग्राहीवर, तर टिर्झेपाटाइड जीएलपी-१ व जीआयपी या दोन ग्राहींवर कार्य करते. ग्लुकागॉनचा सहभाग हे रेटाट्रुटाइडचे वेगळेपण आहे. ग्लुकागॉन हृदयाची गती वाढवते आणि यकृतातून साखर बाहेर सोडण्यास चालना देते, हे पूर्वीपासून ज्ञात आहे. त्यामुळे पहिल्या दोन औषधांच्या सुरक्षिततेची माहिती या तिसऱ्या औषधाला जशीच्या तशी लागू करता येत नाही.

== वैद्यकीय चाचण्या ==

=== दुसरा टप्पा ===

लठ्ठपणासाठी घेतलेल्या दुसऱ्या टप्प्यातील चाचणीचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. चाचणीत ३३८ प्रौढ सहभागी होते. त्यांचा शरीरवस्तुमान निर्देशांक (बीएमआय) ३० ते ५० होता, किंवा २७ ते ३० असून वजनाशी निगडित एखादा आजार होता. ४८ आठवड्यांनंतर १२ मिलिग्रॅमच्या गटात वजनात सरासरी २४.२ टक्के, ८ मिलिग्रॅमच्या गटात २२.८ टक्के, ४ मिलिग्रॅमच्या गटात १७.१ टक्के आणि १ मिलिग्रॅमच्या गटात ८.७ टक्के घट झाली. प्लासिबो, म्हणजे औषधाचा अंश नसलेले इंजेक्शन मिळालेल्या गटात ही घट २.१ टक्के होती.

टाइप २ मधुमेह असलेल्या २८१ व्यक्तींवरील स्वतंत्र चाचणीचे निष्कर्ष त्याच वर्षी 'द लॅन्सेट'मध्ये आले. यकृतातील मेदवृद्धी असलेल्या ९८ सहभागींच्या उपअभ्यासात १२ मिलिग्रॅमच्या मात्रेने २४ आठवड्यांत यकृतातील मेद सरासरी ८२ टक्क्यांनी घटल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

=== तिसरा टप्पा ===

तिसऱ्या टप्प्यातील चाचण्यांच्या मालिकेला 'ट्रायम्फ' असे नाव आहे. त्यांपैकी ट्रायम्फ-४ या चाचणीचे प्राथमिक निष्कर्ष कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. लठ्ठपणा आणि गुडघ्याचा संधिवात असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या ४४५ व्यक्ती त्यात सहभागी होत्या. ६८ आठवड्यांत १२ मिलिग्रॅमच्या गटात वजनात सरासरी २८.७ टक्के, म्हणजे सुमारे ३२ किलो घट झाली. गुडघेदुखीही मोठ्या प्रमाणात कमी झाली. २८.७ टक्के हा आकडा सहभागींनी औषध चालू ठेवले असे गृहीत धरून काढलेला आहे. औषध मध्येच सोडणाऱ्यांचा विचार केल्यास सरासरी घट यापेक्षा कमी भरते.

== नोंदवलेले दुष्परिणाम ==

ट्रायम्फ-४ मधील प्रमुख दुष्परिणामांचे प्रमाण पुढीलप्रमाणे आहे (आकडे टक्क्यांत).

| दुष्परिणाम | ९ मिलिग्रॅम | १२ मिलिग्रॅम | प्लासिबो |
|---|---|---|---|
| मळमळ | ३८.१ | ४३.२ | १०.७ |
| जुलाब | ३४.७ | ३३.१ | १३.४ |
| बद्धकोष्ठता | २१.८ | २५.० | ८.७ |
| उलट्या | २०.४ | २०.९ | ०.० |
| त्वचेच्या संवेदनांतील बिघाड | ८.८ | २०.९ | ०.७ |
| दुष्परिणामांमुळे औषध सोडणारे | १२.२ | १८.२ | ४.० |

=== पचनसंस्था ===

पचनसंस्थेच्या तक्रारी सर्वाधिक आढळतात. त्या बहुतांशी सौम्य ते मध्यम स्वरूपाच्या असून मात्रा वाढवण्याच्या काळात अधिक जाणवतात. दुसऱ्या टप्प्यात काही सहभागींना सुरुवातीला ४ मिलिग्रॅम, तर काहींना २ मिलिग्रॅम मात्रा देण्यात आली. कमी मात्रेने सुरुवात केलेल्यांत या तक्रारी तुलनेने कमी होत्या. त्यामुळे ट्रायम्फ-४ मध्ये २ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून दर चार आठवड्यांनी मात्रा वाढवण्यात आली.

या तक्रारी 'सौम्य' गटात मोडत असल्या तरी त्यांचे परिणाम नेहमीच किरकोळ नसतात. सतत उलट्या व जुलाब झाल्यास शरीरातील पाणी व क्षार कमी होतात आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. कडक उन्हात शारीरिक श्रम करणारे, वृद्ध, तसेच लघवी वाढवणारी रक्तदाबाची औषधे घेणारे यांच्या बाबतीत हा धोका अधिक असतो.

=== त्वचेच्या संवेदना ===

त्वचेला मुंग्या येणे, जळजळणे किंवा साध्या स्पर्शानेही त्रास होणे यांस वैद्यकीय परिभाषेत 'डिसेस्थेशिया' म्हणतात. दुसऱ्या टप्प्यात त्वचेच्या अतिसंवेदनशीलतेच्या तक्रारी औषध घेणाऱ्या सुमारे ७ टक्के आणि प्लासिबो गटातील १ टक्का सहभागींनी केल्या होत्या. ट्रायम्फ-४ मध्ये १२ मिलिग्रॅमच्या गटात हे प्रमाण जवळपास पाचपैकी एक इतके आढळले. या तक्रारी सामान्यतः सौम्य होत्या व त्यांमुळे औषध बंद करण्याची वेळ क्वचितच आली, असे कंपनीने नमूद केले. मात्रेनुसार प्रमाण वाढत असल्याने हा परिणाम औषधाशी निगडित असल्याचे दिसते. तो मज्जातंतूंवरील थेट परिणाम आहे की वेगाने वजन घटल्याचा परिणाम आहे, हे निश्चित झालेले नाही.

=== हृदय ===

हृदयाच्या ठोक्यांची गती मात्रेनुसार वाढल्याचे दुसऱ्या टप्प्यात आढळले. ही वाढ २४व्या आठवड्यापर्यंत सर्वाधिक होती व त्यानंतर कमी होत गेली. याच काळात रक्तदाब मात्र घटला. गतीतील वाढ आणि रक्तदाबातील घट यांचा एकत्रित परिणाम हृदयासाठी हितकारक ठरतो की अपायकारक, हे समजण्यासाठी हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व मृत्यू यांची नोंद ठेवणारी दीर्घ चाचणी लागते. हृदय व मूत्रपिंडविषयक अशी चाचणी सुरू आहे.

=== अतिरिक्त वजनघट व स्नायूंचा ऱ्हास ===

ट्रायम्फ-४ मध्ये औषध सोडणाऱ्यांपैकी काहींनी 'वजन फारच कमी होत आहे' हे कारण दिले. बीएमआय ३५ किंवा त्याहून अधिक असलेल्यांत दुष्परिणामांमुळे औषध सोडण्याचे प्रमाण ९ मिलिग्रॅमला ८.८ टक्के व १२ मिलिग्रॅमला १२.१ टक्के, म्हणजे एकूण प्रमाणापेक्षा कमी होते. यावरून तुलनेने कमी लठ्ठ व्यक्तींना हे औषध अधिक जड जाण्याची शक्यता दिसते.

वजन कोणत्याही मार्गाने घटले तरी चरबीबरोबर काही प्रमाणात स्नायूही घटतात. मधुमेहींवरील चाचणीच्या उपअभ्यासात कमी झालेल्या वजनातील चरबीविरहित भागाचे प्रमाण इतर लठ्ठपणाविरोधी उपचारांइतकेच आढळले. मात्र एकूण घट अधिक असल्याने स्नायूंची प्रत्यक्ष घटही किलोच्या हिशेबात अधिक असू शकते.

== याच वर्गातील औषधांवरून संभवणारे धोके ==

सेमाग्लुटाइड व टिर्झेपाटाइड यांच्या अधिकृत माहितीपत्रकांत पुढील इशारे दिलेले असतात. रेटाट्रुटाइडच्या चाचण्यांतही या बाबींवर लक्ष ठेवले जाते.

* स्वादुपिंडाचा दाह : पोटात तीव्र व न थांबणारी, अनेकदा पाठीकडे जाणारी वेदना हे त्याचे प्रमुख लक्षण आहे.
* पित्ताशयातील खडे : वजन वेगाने घटल्यास त्यांची शक्यता वाढते.
* थायरॉइडच्या सी-पेशींची अर्बुदे : ती उंदरांत आढळली आहेत. माणसांबाबत हा धोका सिद्ध झालेला नाही. तरीही थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग स्वतःला किंवा कुटुंबात असलेल्यांना ही औषधे दिली जात नाहीत.
* रक्तातील साखर अतिशय कमी होणे : इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या सोबत घेतल्यास ही शक्यता वाढते.
* शस्त्रक्रियेच्या वेळी जठरात अन्न शिल्लक राहणे : भूल दिल्यावर ते श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो.
* गर्भधारणा : गर्भावस्थेत वजन घटवण्याची औषधे टाळली जातात. टिर्झेपाटाइडमुळे तोंडावाटे घेण्याच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो.

== अनुत्तरित प्रश्न ==

चाचणीत सहभागींची संख्या लहान असल्यास दुर्मीळ दुष्परिणाम नजरेआड राहतात. संख्याशास्त्रातील 'तीनचा नियम' असे सांगतो की, हजारात एकाला होणारा दुष्परिणाम किमान एकदा दिसण्याची ९५ टक्के शक्यता हवी असेल, तर सुमारे ३,००० व्यक्तींना औषध द्यावे लागते. लठ्ठपणावरील दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत प्रत्यक्ष औषध मिळालेल्या व्यक्ती सुमारे २७० होत्या. त्यामुळे अशा चाचणीत एखादा गंभीर दुष्परिणाम न आढळणे म्हणजे तो धोका नसल्याचा पुरावा ठरत नाही.

कालावधीचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. लठ्ठपणा हा दीर्घकालीन आजार असून औषध थांबवल्यावर वजन पुन्हा वाढते. सेमाग्लुटाइडच्या एका चाचणीत औषध बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आले. त्यामुळे रेटाट्रुटाइडही अनेक वर्षे घ्यावे लागण्याची शक्यता आहे. २०२५च्या अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेली माहिती मात्र ४८ व ६८ आठवड्यांपुरती मर्यादित होती.

== पूर्वानुभव ==

वजन घटवणाऱ्या औषधांचे धोके अनेकदा व्यापक वापरानंतर किंवा मोठ्या चाचण्यांनंतरच समोर आले आहेत.

* डायनायट्रोफेनॉल : १९३३ पासून अमेरिकेत वापरात आले. चयापचय वाढवणाऱ्या या रसायनामुळे शरीराचे तापमान जीवघेणे वाढू शकते. अनेकांना मोतीबिंदू झाले. १९३८ च्या अमेरिकी औषध कायद्यानंतर त्याचा वापर थांबला.
* फेनफ्लुरामाइन व डेक्सफेनफ्लुरामाइन : हृदयाच्या झडपा निकामी होत असल्याचे आढळल्यावर सप्टेंबर १९९७ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून मागे घेण्यात आली. भारताने १४ ऑगस्ट १९९८ रोजी बंदी घातली.
* रिमोनाबॅन्ट : युरोपात २००६ मध्ये मान्यता मिळाली. नैराश्य व इतर मानसिक विकारांचा धोका जवळपास दुप्पट होत असल्याने ऑक्टोबर २००८ मध्ये विक्री थांबवण्यात आली. भारतात ११ डिसेंबर २००९ च्या अधिसूचनेने बंदी आली.
* सिब्युट्रामाइन : १९९७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. 'स्काउट' या चाचणीत हृदयविकाराचा धोका असलेल्या १०,७४४ व्यक्तींचा सरासरी ३.४ वर्षे अभ्यास झाला. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या घटना औषध घेणाऱ्यांत ११.४ टक्के, तर प्लासिबो गटात १०.० टक्के आढळल्या. २०१० मध्ये युरोप व अमेरिकेतून ते हटवण्यात आले. भारतात १० फेब्रुवारी २०११ रोजी बंदी घालण्यात आली.
* लॉरकॅसेरिन : सुमारे १२,००० व्यक्तींच्या पाच वर्षांच्या चाचणीत कर्करोगाचे प्रमाण किंचित अधिक (७.७ टक्के, प्लासिबो गटात ७.१ टक्के) आढळल्याने फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेतून मागे घेतले गेले.

सिब्युट्रामाइनच्या बाबतीतील फरक हजारामागे १४ जणांचा होता. काही शे सहभागींच्या चाचणीत असा फरक योगायोगापासून वेगळा ओळखता आला नसता. ही जुनी औषधे मेंदूतील रसायनांवर किंवा चयापचयावर वेगळ्या मार्गांनी परिणाम करत होती, त्यामुळे त्यांचे धोके रेटाट्रुटाइडमध्येही असतीलच असे नाही. दीर्घ व मोठ्या चाचणीची गरज मात्र त्यांवरून स्पष्ट होते.

== भारत व महाराष्ट्र ==

=== भारतीय शरीररचनेचा प्रश्न ===

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार भारतात १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया व २२.९ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ आहेत. भारतीयांत बीएमआय कमी असूनही शरीरातील चरबीचे प्रमाण अधिक असू शकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मोजमापे देऊन हे दाखवले. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, परंतु युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी होती. पुण्याजवळच्या गावांतील नवजात बालकांच्या अभ्यासातही कमी वजन, कमी स्नायू पण तुलनेने अधिक चरबी अशी रचना आढळली.

औषधाच्या सुरक्षिततेशी याचा जवळचा संबंध आहे. ज्यांचे स्नायू मुळातच कमी आहेत, त्यांना वेगाने होणारी वजनघट अधिक महाग पडू शकते. ट्रायम्फ-४ मधील सहभागींचा सरासरी बीएमआय सुमारे ४० होता. भारतीयांसाठी लठ्ठपणाची मर्यादा २५ इतकी खाली मानली जाते. त्यामुळे तेथील निष्कर्ष २६ किंवा २७ बीएमआय असलेल्या भारतीय व्यक्तीस तसेच लागू करता येत नाहीत.

=== कायदेशीर चौकट ===

भारतात नव्या औषधाच्या चाचणीला व विक्रीला केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची परवानगी लागते. 'नवी औषधे व वैद्यकीय चाचणी नियम, २०१९' नुसार प्रत्येक चाचणीला नैतिकता समितीची मान्यता आवश्यक असते. गंभीर दुष्परिणामाची माहिती संशोधकाने २४ तासांत कळवावी लागते. चाचणीमुळे इजा झाल्यास सहभागीला मोफत उपचार व नुकसानभरपाई मिळण्याची तरतूद आहे. चाचण्यांची नोंद 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया' या खुल्या नोंदवहीत करणे जून २००९ पासून बंधनकारक असून ही नोंदवही कोणालाही पाहता येते.

'औषधे व जादूटोण्याचे उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४' च्या अनुसूचीत लठ्ठपणाचा समावेश आहे. त्यामुळे लठ्ठपणा बरा करणारे औषध अशी जाहिरात करण्यास मनाई आहे. महाराष्ट्रात औषधविक्रीवरील देखरेख राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आहे.

=== अनधिकृत विक्री ===

मान्यता मिळण्यापूर्वीच 'केवळ संशोधनासाठी' असा शिक्का असलेल्या कुप्यांमधून रेटाट्रुटाइडच्या नावाने भुकटी इंटरनेटवर विकली जाते. अशा कुपीत नेमके कोणते रसायन किती प्रमाणात आहे, ते निर्जंतुक आहे का आणि वाहतुकीत योग्य तापमानात ठेवले गेले का, याची खातरजमा ग्राहकाला करता येत नाही. भुकटी पाण्यात विरघळवून इन्सुलिनच्या सिरिंजने घेताना 'युनिट' व 'मिलिग्रॅम' यांत गल्लत होण्याचा धोका असतो. सेमाग्लुटाइडच्या कुप्यांबाबत अशा चुकांमुळे ठरलेल्या मात्रेच्या ५ ते २० पट औषध घेतले गेल्याचे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२४ मध्ये कळवले होते. औषध दुकानांना रेटाट्रुटाइडचे मिश्रण तयार करून विकता येणार नाही, असेही त्या संस्थेने स्पष्ट केले आहे.

चाचणीतील सहभागीची निवड पूर्वीचे आजार तपासून केली जाते. त्याच्या रक्ताची व हृदयाची तपासणी ठरावीक काळाने होते आणि त्रास झाल्यास मात्रा कमी केली जाते. अनधिकृत औषध घेणाऱ्याला हे संरक्षण नसते. त्यामुळे चाचणीतील दुष्परिणामांचे आकडे अशा वापराला लागू होत नाहीत.

=== दुष्परिणामांची नोंद ===

औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा 'भारतीय औषधदक्षता कार्यक्रम' २०१० मध्ये सुरू झाला. २०११ पासून त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. डॉक्टर, परिचारिका व औषधविक्रेते यांच्याप्रमाणेच रुग्ण किंवा त्याचे नातेवाईकही १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर माहिती देऊ शकतात. वैद्यकीय महाविद्यालयांतील निरीक्षण केंद्रे बहुधा मोठ्या शहरांत असतात. सांगली जिल्ह्यातील ईश्वरपूरसारख्या (पूर्वीचे इस्लामपूर) तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्या व्यक्तीला मात्र या क्रमांकामुळे घरूनच नोंद करता येते. नोंद करण्यासाठी दुष्परिणाम औषधामुळेच झाला हे सिद्ध करावे लागत नाही. संशय पुरेसा असतो.

== हेही पहा ==

* लठ्ठपणा
* टाइप २ मधुमेह
* सेमाग्लुटाइड
* टिर्झेपाटाइड
* सिब्युट्रामाइन
* वैद्यकीय चाचणी
* औषधदक्षता